मराठवाड्यात फिरताना लेकरांच्या दुधाची सोय कशी करता?

ओवीची_आई

नमस्कार. आम्ही डोंबिवलीचे, सासर औसा तालुक्यातलं. मे महिन्यात दहा दिवसांचा बेत आहे. आधी छत्रपती संभाजीनगर, वेरूळ आणि अजिंठा, मग गाडीने परळी, अंबाजोगाई, त्यानंतर गावी चार दिवस आणि परतताना तुळजापूरला कुळाचार. सोबत दोन लेकरं. माझी ओवी १६ महिन्यांची आहे, सकाळी आणि रात्री असं दोन वेळा पिशवीचं गाईचं दूध पिते. जाऊबाईंचा मुलगा ८ महिन्यांचा. अंगावर पितो, पण तेवढ्याने भागत नाही म्हणून दोन वेळा डॉक्टरांनी सांगितलेली पावडर देतात.

विचारायचं कारण सांगते. गेल्या दिवाळीत याच रस्त्यावर एका हॉटेलात मी ओवीसाठी कोमट दूध मागितलं. त्यांनी चहाच्या पातेल्याशेजारचं, साखर घातलेलं, सकाळपासून गरम होत असलेलं दूध आणून दिलं. रात्र झाली होती, ओवी रडत होती, मी दिलं. पहाटेपर्यंत उलट्या आणि जुलाब. ती रात्र मी विसरू शकत नाही. तेव्हा ती जेमतेम १० महिन्यांची होती आणि तिला ते दूध द्यायलाच नको होतं हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

यावेळी तयारी करून निघायचं आहे. गावात म्हशीचं दूध मिळतं, ते चालेल का? उन्हात पिशवी किती टिकते? लॉजवर गरम कसं करायचं? ज्यांनी लहान लेकरं घेऊन हा भाग केला आहे त्यांनी कृपया लिहा.

मांजराकाठ

ताई, आमच्याकडं येताय, लेकराच्या दुधाची काळजी गावात तरी करू नका. संभाजीनगरला नि रस्त्यात करा.

औशाच्या बाजूला बहुतेक गावात दूध संकलन केंद्र असतंच. सकाळी सहा-सातला अन् संध्याकाळी तेवढ्याच सुमाराला लोक चरव्या घेऊन येतात. घरच्यांना सांगून ठेवा, केंद्रावर वळायच्या आधी एखाद्या घरातून थेट धारेचं अर्धा लिटर घ्यायचं. कोणाच्या घरी देवणी गाय असेल तर फारच छान. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरूनच त्या जातीचं नाव पडलंय. नांदेडकडं गेलात तर लाल कंधारी. या गाईंना दूध संकरित गाईएवढं नसतं, म्हणून विकायला फार येत नाही, घरात लेकरांनाच राहतं. बाकी बाजारात मिळतं ते जास्त करून म्हशीचं, नाहीतर जर्सी-होल्स्टीनचं.

एक सांगतो, घरचं भगुलं स्वतः घेऊन जा. दुसऱ्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत दूध घेऊ नका. आमची आई म्हणायची, दूध नासलं की आधी भांड्याला विचारायचं, मग गाईला.

सई_धाराशिव

मांजराकाठदादा गावचं बोलले ते बरोबर, पण प्रवासातल्या पाच दिवसांसाठी मी टेट्रापॅकच सांगेन. मी माझ्या दोघांना घेऊन दर उन्हाळ्यात पुणे ते धाराशिव करते. साधं, गोड नसलेलं, टेट्रापॅकमधलं दूध. फोडेपर्यंत फ्रिज लागत नाही, गाडीत राहू शकतं. फोडलं की मात्र ते साध्या दुधासारखंच झालं. लेकरू पिऊन उरलेलं मोठ्यांच्या चहात घालायचं, पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही.

छोटे पॅक बघताना नीट वाचा. २०० मिलीच्या पुष्कळ पॅकमध्ये वेलची, केशर, चॉकलेट आणि साखर असते. साधे छोटे पॅक खेडेगावच्या किराणा दुकानात मिळतीलच असं नाही, म्हणून संभाजीनगरला किंवा लातूरला मोठ्या दुकानातून आधीच घेऊन ठेवा. आणि निघायच्या आठ दिवस आधी घरी दोन-तीनदा पाजून बघा. याची चव पिशवीच्या दुधापेक्षा वेगळी लागते, थोडी आटवल्यासारखी. माझ्या धाकट्याने पहिल्यांदा प्रवासातच चाखलं आणि तोंड फिरवलं. दोन दिवस नुसत्या दहीभातावर काढले.

उदगीरकर

मी उदगीरच्या दुग्ध तंत्रज्ञान महाविद्यालयात शिकलो, पुढे बरीच वर्षं डेअरीत काम केलं. टेट्रापॅक आणि पिशवी यातला फरक नीट सांगावासा वाटतो, कारण बहुतेक आईबाप इथेच फसतात.

पिशवीचं दूध पाश्चराइझ केलेलं असतं. म्हणजे साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच ४ अंशांच्या आसपास थंड केलेलं. त्यात आजार करणारे जंतू मरतात, पण सगळेच जंतू मरत नाहीत. उरलेले थंडीत गप्प बसतात. पिशवी गरम झाली की ते वाढायला लागतात. म्हणून पिशवीचं आयुष्य थंडपणावर अवलंबून आहे. टेट्रापॅकचं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवतात आणि निर्जंतुक खोक्यात हवा न लागू देता भरतात. त्यात वाढायला काही शिल्लक राहत नाही, म्हणून ते बाहेर टिकतं. त्यात काहीतरी औषध घालतात हा समज चुकीचा आहे.

आता मे महिना. आमच्याकडे पारा ४०-४२ वर जातो, बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. अशा गाडीत पिशवी तासभर राहिली तर लेकरासाठी ती वापरू नये. नासलेली दिसत नाही, वासही येत नाही, तरी वापरू नये. दूध फाटतं ते शेवटी. जंतू त्याच्या बऱ्याच आधी वाढलेले असतात.

सगळ्यात मोठी चूक थर्मासची. सकाळी गरम दूध थर्मासमध्ये भरायचं आणि दुपारी लेकराला द्यायचं, हे मी चांगल्या शिकलेल्या घरांत बघितलं आहे. थर्मासमध्ये दूध हळूहळू कोमट होतं आणि तासन् तास कोमटच राहतं. विरजण लावताना आपण हेच करतो ना? जंतूंना ५ ते ६० अंशांच्या मधलीच ऊब हवी असते. थर्मासमध्ये दूध नव्हे, उकळतं पाणी न्या. दूध वेगळं न्या, फोडायच्या क्षणापर्यंत बंद. पाजायच्या वेळी स्टीलच्या पेल्यात दूध ओता आणि तो पेला थर्मासच्या गरम पाण्यात धरा. पाच मिनिटांत कोमट होतं.

आणि पिशवीवरचे आकडे वाचायला शिका. रंगावर जाऊ नका, प्रत्येक डेअरीचे रंग वेगळे. फुल क्रीम म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, स्टँडर्ड ४.५, टोन्ड ३, डबल टोन्ड १.५. ओवी घरी गाईचं पिते म्हणजे साधारण साडेतीन. परगावी तुमच्या नेहमीच्या नावाची पिशवी मिळाली नाही तर नाव शोधत हिंडू नका, तो आकडा शोधा. आमच्या भागात स्थानिक संघांचं दूध चांगलं मिळतं, आणि ते जवळून आलेलं असतं हा त्याचा फायदाच.

बालवैद्य

लहान मुलांचा डॉक्टर म्हणून थोडं लिहितो. दोन्ही लेकरांचे प्रश्न पूर्ण वेगळे आहेत, एका भांड्यात घालू नका.

८ महिन्यांच्या बाळाला गाईचं, म्हशीचं, शेळीचं, टेट्रापॅकचं, कुठलंच वरचं दूध प्यायला द्यायचं नाही. वर्षाच्या आत आईचं दूध, आणि ते पुरत नसेल तर डॉक्टरांनी दिलेली बाळाची पावडर. भातात चमचाभर दही चालेल, पण मुख्य पेय म्हणून जनावराचं दूध नको. त्यात लोह फार कमी, मीठ-प्रथिनं या वयाच्या मूत्रपिंडाला जड, आणि काही बाळांच्या आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होतो. प्रवासात पावडर संपली म्हणून "एक दिवस गाईचं देऊ" असं होतं, तसं होऊ नये म्हणून डबा जास्तीचा घ्या. तीच पावडर, डब्यावर लिहिलेला वयाचा तोच टप्पा. लहान गावातल्या औषधाच्या दुकानात नेमका तो नसतो.

चहाची पावडर, म्हणजे डेअरी व्हाइटनर, ही बाळाची पावडर नव्हे. त्यात बहुधा साखर असते. कंडेन्स्ड मिल्क तर मुळीच नको. मध्यंतरी एका कुटुंबाने पावडर संपल्यावर तेच पाण्यात कालवून दोन दिवस पाजलं होतं. बाळ माझ्याकडे सुकून आलं.

पावडर कालवताना पाणी ७० अंशांच्या खाली नको. पावडर निर्जंतुक नसते, त्यातले जंतू गरम पाण्यानेच मरतात. पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत वापरा, डब्यावरच्या प्रमाणात पावडर घाला, बाटली बंद करून थंड पाण्यात धरून गार करा, मनगटावर थेंब टाकून बघा, मग पाजा. पावडर आधी मोजून कोरड्या छोट्या डब्यांत भरून ठेवा, म्हणजे गाडीत मोजत बसावं लागत नाही. तयार केलेलं दोन तासांच्या आत संपवा आणि बाळाने तोंड लावलेलं तासाभरानंतर टाकून द्या. हे टाकताना जीव हळहळतो, तरी टाका.

ओवीबद्दल. १६ महिन्यांच्या मुलीला पूर्ण स्निग्धांशाचं दूध हवं, दोन वर्षांपर्यंत टोन्ड-डबल टोन्ड नको. दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. त्याहून जास्त दिलं तर पोट दुधाने भरतं, जेवण कमी होतं आणि लोह कमी पडतं. दोन-चार दिवस निम्मंच पोटात गेलं तरी काही बिघडत नाही. म्हशीचं दूध चालतं. त्यात स्निग्धांश ६-७ टक्के, शिवाय केसीन हे प्रथिन जास्त, म्हणून पोटात दही घट्ट जमतं आणि सवय नसलेल्या मुलाला जड पडतं. पाणी घालू नका. उकळून गार करा, साय काढा, मग द्या.

गोदाकाठची_आजी

डॉक्टरसाहेबांचा मान राखून लिहिते. आम्ही पैठणच्या बाजूचे, माझं वय ७१. आमची चार लेकरं निरशा दुधावर वाढली. मोठ्याला तर शेळीचं दूध पाजलं, कारण गाय नव्हती. आमच्या इकडं उस्मानाबादी शेळी घरोघरी. शेळीचं दूध लेकराला हलकं, असं सगळे म्हणतात. आता एवढं उकळा, मोजा, फेका. तरुण आया घाबरून गेल्यात, त्यांना धीर द्यायला हवा असं मला वाटतं.

बालवैद्य

आजी, तुमचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. घाबरलेली आई लेकराला जबरदस्तीने पाजते आणि त्यातून वेगळाच त्रास होतो.

पण निरशा दुधाबद्दल मी ठाम आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, जनावरांचा क्षय होतो. ब्रुसेलोसिसमध्ये ताप येतो-जातो, सांधे दुखतात, महिना-महिना निदान होत नाही. जनावर बाहेरून धडधाकट दिसतं. शेळ्यांमध्येही हा आजार असतो. उकळलेलं शेळीचं दूध वर्षावरच्या मुलाला अधूनमधून चालेल, पण त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं, म्हणून रोजचं एकमेव दूध म्हणून नको. आणि ज्या मुलाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे त्याला शेळीचं बरेचदा तितकंच बाधतं. "हलकं असतं" म्हणून तिथे प्रयोग करू नका.

गोदाकाठची_आजी

उकळूनच द्या मग. सुनेलाही वाचून दाखवते. एक मात्र तुम्हीही लिहा की वाटी-चमच्याने पाजा. बाटल्या धुवायला प्रवासात कुठं मिळतं? आम्ही बोंडल्याने पाजायचो, धुतलं की लख्ख.

बालवैद्य

शंभर टक्के. वाटी-चमचा किंवा छोटा पेला. बाटलीच्या बुचाच्या आतल्या खाचेत साय अडकते ती लॉजच्या बेसिनमध्ये निघत नाही.

ईशानचा_बाबा

लॉजवर गरम करण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खोलीतल्या किटलीत दूध उकळू नका. तळाला लागतं, करपतं, उतू जाऊन बटणात शिरतं, आणि आधीच्या पाहुण्यांनी त्यात काय उकळलं होतं कोण जाणे. किटलीत फक्त पाणी. पिशवीचं दूध आधीच पाश्चराइझ केलेलं असल्यामुळे ते थंड मिळालं असेल तर गरम पाण्यात पेला ठेवून कोमट केलं तरी चालतं. सुट्टं दूध मात्र उकळायलाच हवं, तिथे पर्याय नाही.

आम्ही एक दीड लिटरचं झाकणाचं स्टीलचं पातेलं आणि छोटी इंडक्शन शेगडी नेतो. ज्या लॉजवर शेगडी चालवू देत नाहीत तिथे स्वयंपाकघरात जाऊन आपलं पातेलं द्यायचं आणि समोर उभं राहून उकळून घ्यायचं. लाजायचं नाही. मराठवाड्यात मला आजवर एकाही आचाऱ्याने नाही म्हटलेलं नाही. लेकरासाठी म्हटलं की माणूस हातातलं काम सोडतो. वीस रुपये पुढे केले तर घेत नाहीत.

उकळी फुटल्यावर आच बारीक करून दोन-तीन मिनिटं ढवळायचं, मग पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून पटकन निववायचं.

उदगीरकर

ईशानच्या बाबांनी लिहिलेलं पटकन निववणं फार मोलाचं आहे. गरम पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर ठेवलं की सकाळी वास येतो, तो त्या संथ निवण्यामुळे. गावात वीज गेली आणि फ्रिज बंद पडला तर दूध सकाळ-संध्याकाळ पुन्हा उकळत राहा. ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवायची जुनी पद्धत आमच्या कोरड्या हवेत थोडी कामाला येते, पण त्याने दूध काही तास निघेल, फ्रिजसारखा दिवस निघणार नाही.

हिंगोलीची_लेक

तुमच्या वाटेवर नाही, पण कधी औंढा नागनाथला आलात तर म्हणून लिहिते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात येळेगाव गवळी नावाचं गाव आहे. तिथे घरोघरी जनावरं आहेत पण दूध विकत नाहीत. आपण श्रीकृष्णाच्या कुळातले, दुधाचे पैसे घ्यायचे नाहीत, अशी तिथली रीत. गरजवंताला फुकट देतात. माझी मुलगी वर्षाची असताना आमची गाडी त्या बाजूला बंद पडली. एका घरातल्या काकूंनी काही न विचारता चुलीवर दूध तापवलं, फुंकून फुंकून निववलं आणि पोरीला स्वतः मांडीवर घेऊन पाजलं. मी पैसे काढले तर त्यांना वाईट वाटलं. आजही ते आठवलं की भरून येतं.

बरं, एक सावधगिरी. घृष्णेश्वर, परळी, औंढा, तिन्ही ठिकाणी देवळाबाहेर अभिषेकासाठी दूध विकायला असतं. ते कच्चं असतं आणि उन्हात ठेवलेलं असतं. कितीही अडचण असली तरी ते लेकराला देऊ नका. मी एका आजोबांना नातवाला त्यातलंच पाजताना पाहिलं आणि धावत जाऊन थांबवलं.

कबीरची_मम्मा

माझ्या मुलाला दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे. नीट निदान झालेली, दूध पचत नाही एवढीच तक्रार नाही. आमच्यासारख्या आईबापांसाठी दोन ओळी.

मराठवाड्यात पाहुणचार म्हणजे दूध, खवा, दही, तूप. भूम तालुक्यात कुंथलगिरीकडे गेलात तर पेढ्याशिवाय कोणी उठू देत नाही. "एवढासा पेढा, काय होतंय" हे वाक्य प्रेमाने येतं आणि आम्हाला त्याचीच धास्ती. मी आता "ॲलर्जी" म्हणत नाही. "याला दुधाचा थेंब गेला तर श्वास कोंडतो" असं सांगते. तेवढं ऐकलं की घरातली आजीच मुलाची राखण करते. शेवटच्या वेळी गावात चुलत सासूबाईंनी त्याच्यासाठी वेगळं पीठ वेगळ्या परातीत मळलं, तूप न लावता ज्वारीची भाकरी केली. नाचणीचं सत्त्व आणि तिळाची पूड मी घरून नेते. बिस्किटाच्या पुड्यावर दूध भुकटी लिहिलेली असते, ती नेहमी वाचते. आंबील देऊ लागले तर आधी विचारा, त्यात ताक असतं.

ओवीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुम्ही लिहिलंत म्हणून मी वाटी-चमचा बॅगेत आधी टाकला.

दोन शंका राहिल्या. अजिंठ्याला दिवस मोठा होतो, तिथे काय करू? आणि तुळजापूरच्या रांगेत जाऊबाईंना बाळाला अंगावर घ्यायला जागा मिळेल का?

सई_धाराशिव

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, आधी तेवढं बघून दिवस ठरवा. अजिंठ्याला तुमची गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबते, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. म्हणजे गाडीत ठेवलेलं काहीही वर हाताशी नसतं. एक बंद टेट्रापॅक, पेला, चमचा, थर्मासमध्ये गरम पाणी आणि दुसऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, एवढी छोटी पिशवी खांद्यावर घ्या. लेण्यांच्या आत खाणंपिणं नको, बाहेर सावलीत बसून पाजा. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी त्या दगडाची धग लेकरांना सोसत नाही.

तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. रांगेला लागण्याआधी बाळाला पोटभर पाजून घ्या. एसटी स्थानकांवर आयांसाठी हिरकणी कक्ष असतो. कुलूप दिसलं तर वाहतूक नियंत्रकांना किल्ली मागा. बाकी, मोठी सुती ओढणी सोबत असली की कुठल्याही देवळाच्या ओवरीत बसता येतं. शेजारच्या बायका आपोआप आडोसा करून उभ्या राहतात.

मांजराकाठ

पाण्याचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. आमच्या भागात बोअरचं पाणी जड, काही ठिकाणी फ्लोराइडही असतं. ते उकळल्यानं जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. बाळाच्या पावडरीसाठी शुद्ध केलेलं पाणी घ्या, अन् तेही उकळूनच. उन्हाळ्यात टँकरचं असेल तर कुठून भरलंय ते विचारा, आमच्याकडं कोणाला राग येत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून लातूरचं लेकरूसुद्धा पाणी कुठलं म्हणून विचारतंय.

ओवीची_आई

काल परत आलो. ज्यांनी एवढ्या जिव्हाळ्याने लिहिलं त्यांना सविस्तर सांगायलाच हवं.

संभाजीनगरला दोन दिवस टेट्रापॅकवर निघाले. घरी आठवडाभर सवय केली होती, त्यामुळे ओवीने कुरकुर केली नाही. वेरूळला कैलास लेण्याच्या बाहेर झाडाखाली बसून उदगीरकरदादांच्या पद्धतीने पेला गरम पाण्यात धरून दूध कोमट केलं. शेजारी एक वर्धेचं कुटुंब होतं, त्यांचं थर्मासमधलं दूध फाटलेलं निघालं. आमच्याकडचा एक पॅक त्यांना दिला आणि दूध थर्मासमध्ये का भरायचं नाही ते सांगितलं. त्या ताईंनी सगळं फोनमध्ये लिहून घेतलं.

अंबाजोगाईला चूक झाली. संध्याकाळी पिशवी घेतली, लॉजच्या फ्रिजमध्ये ठेवायला दिली आणि सकाळी घेतली. हाताला गारच लागत नव्हती. विचारलं तर कळलं की रात्री फ्रिजचं बटण बंद करतात. गेल्या वर्षीची मी असते तर उकळून दिलं असतं. यावेळी ओतून टाकलं. ओवीने सकाळी केळं आणि दह्यात कालवलेला मऊ भात खाल्ला आणि दुपारपर्यंत छान खेळली. तिला दुधाशिवाय अर्धा दिवस निघतो हे मला १६ महिन्यांत पहिल्यांदा कळलं.

गावी पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी म्हशीचं दूध तापवून आणलं. ओवीने दोन चमचे घेतले आणि ओठ घट्ट मिटले. मी घाबरले, सासूबाई हिरमुसल्या. मग डॉक्टरांचं वाचून दाखवलं, साय काढली. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी, तिसऱ्या दिवशी पूर्ण वाटी. पोट नीट राहिलं. चौथ्या दिवशी शेजारच्या मळ्यातून देवणी गाईचं दूध मिळालं. मळ्यातली मुलं सकाळी स्वतःच घेऊन आली, ओवीला गाय दाखवायला घेऊन गेली. आता ती प्रत्येक वाटीकडे बोट दाखवून "हंबा" म्हणते.

जाऊबाईंच्या बाळासाठी दोन डबे नेले होते, दीड लागला. तुळजापूरला गर्दी कमी होती, ओवरीत बसून त्यांनी बाळाला पाजलं, आणि सईने लिहिल्याप्रमाणे दोन अनोळखी आज्या खरंच पदर पसरून उभ्या राहिल्या.

एक विचारायचं राहिलं. घरी आल्यापासून ओवी पिशवीचं दूध पीत नाही. काल रात्री पेला ढकलून दिला. सायीची चव लागली असेल का?

उदगीरकर

लागली असेल. फुल क्रीमची पिशवी आणा आणि चार दिवस नेहमीच्या दुधात निम्मी-निम्मी मिसळून द्या. मग हळूहळू प्रमाण बदलत न्या.

गोदाकाठची_आजी

आणि पेल्यात नको, गावी ज्या वाटीत प्यायली तशी वाटी आणा. लेकरं भांडं ओळखतात.

ओवीची_आई

आजी, वाटी चालली. स्टीलची, छोटी, काठ वळलेली. सासूबाईंनी निघताना बॅगेत घातली होती, मी बघितलीच नव्हती. आज सकाळी पूर्ण संपवलं.